एवढासा तुकडा

स्वरतंतूचा तुकडा प्रयोगशाळेत येतो तेव्हा बाटलीत तो आधी दिसतच नाही. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रावाने भरलेली छोटी बाटली, वर चिकटवलेल्या कागदावर नाव, वय, तारीख, आणि तळाशी पांढुरकं काहीतरी. बाटली उजेडासमोर धरून जरा हलवली की तो कण वर येतो आणि पुन्हा खाली बसतो. आमचा टेक्निशियन बाटली हळूच फिल्टर पेपरवर रिकामी करतो, पेपरावर राहिलेल्या कणावर इओसिन या गुलाबी रंगाचा एक थेंब टाकतो आणि घडी घालून पुडी बांधतो. कण गुलाबी केला नाही तर पुढे पांढऱ्या मेणात तो कुठे गेला हे कळत नाही. मग रात्रभर मशीनमध्ये, सकाळी वितळलेल्या मेणात. इथे एक गोष्ट मी स्वतः उभी राहून पाहते. तुकडा मेणात उभा बसला पाहिजे, म्हणजे कापात वरचा पापुद्रा वर आणि खालचा थर खाली दिसतो. तो आडवा पडला की सुरी तिरकी जाते, वरच्याच थराच्या पेशींची बेटं खोलवर घुसल्यासारखी दिसतात, आणि निरोगी माणसाच्या घशात कर्करोग दिसू लागतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मिरजेत. या गावात एका गल्लीत तंबोरे घडतात आणि चार पावलांवर दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. आवाज गेलेली माणसं आसपासच्या तालुक्यांतून, कर्नाटकातूनही इथे येतात. मला ती क्वचित भेटतात. मला त्यांचे तुकडे भेटतात, आणि कधीकधी काउंटरवर उभे असलेले त्यांचे नातेवाईक. गाठ कर्करोगाची तर नाही ना, हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, साधीच आहे ना?"

स्वरयंत्राच्या कर्करोगांपैकी शंभरात नव्वदहून अधिक एकाच जातीचे असतात, वरच्या अस्तराच्या स्क्वॅमस पेशींपासून होणारे. तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारू ही त्यांची मुख्य कारणं. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते आवश्यकच आहे. मी लिहितेय उरलेल्या मूठभर गाठींबद्दल. त्या कूर्चेतून येतात, मज्जातंतूच्या आवरणातून येतात, लाळेसारखा स्राव करणाऱ्या ग्रंथींतून येतात, विषाणूमुळे येतात. एखाद्या सर्जनला उभ्या आयुष्यात त्यातली एखादी जात एकदाच दिसते, कधी दिसतही नाही. आणि नेमकं याच गाठींमध्ये एवढासा तुकडा माणसाला फसवू शकतो, दोन्ही बाजूंनी.

पहिली बाजू मला जवळून पाहायला मिळाली ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंमुळे. वय चाळिशीतलं, पहिली-दुसरीचा वर्ग. आवाज घोगरा झाला तेव्हा सगळ्यांनी तेच म्हटलं जे अशा वेळी म्हणतात, की पोरांवर ओरडून घसा बसला असेल. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं, मग गोळ्यांचे दोन-तीन कोर्स. उन्हाळ्याची सुट्टी लागली, ओरडणं थांबलं, तरी आवाज सुटेना. तेव्हा त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, भूल देऊन तुकडा काढला आणि माझ्याकडे पाठवला.

स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर वरचा थर जाड झालेला, त्याच्या जिभा खाली लांबवर उतरलेल्या, मधूनच केराटिनचे, म्हणजे नखं-केसांतल्या टणक प्रथिनाचे, गोल. आणि तिथेच तुकडा संपलेला. खाली काय आहे ते दिसायला जागाच नाही. असं चित्र पाहून पटकन मनात येतं ते स्क्वॅमस कार्सिनोमा, तोच नेहमीचा कर्करोग. पण पेशींचे चेहरे तसे नव्हते. केंद्रकं शांत होती, एका आकाराची. मी सर्जनना फोन लावला.

"सर, गाठ दिसायला कशी आहे?"

"गुळगुळीत. पिवळट. तंतूच्या मागच्या भागात. खरबरीत अजिबात नाही, आणि तंतू छान हलतोय."

"तंबाखू?"

"नाही म्हणतात."

"मिश्रीचं विचारलंत? मिश्री लावणाऱ्या बायका तंबाखू नाही असंच सांगतात."

"विचारलं हो. मिश्रीही नाही."

"मग मला अजून एक तुकडा हवाय. वरचं अस्तर नको, त्याच्या खालचं."

असा फोन करणं सोपं नसतं. पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा वाट पाहणं. बाईंचे यजमान काउंटरवर आले तेव्हा त्यांना वाटत होतं की रिपोर्ट वाईट आलाय म्हणूनच आम्ही टाळतोय. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर त्यांच्या बायकोची स्लाईड दाखवली. "दादा, हे बघा, इथे तुकडा संपला. याच्या खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मी काही लिहिलं तर तो अंदाज होईल. अंदाजावर कुणी त्यांच्या गळ्याला किरणांचा शेक द्यावा किंवा स्वरयंत्र काढावं असं मला वाटत नाही." ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काढा तुकडा."

दुसरा तुकडा खोल होता. त्यात ती गाठ उलगडली. मोठमोठ्या पेशी, पोटात फिकट गुलाबी बारीक दाणे खच्चून भरलेले, आणि केंद्रक लहान, गडद, निमूटपणे मध्यभागी. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. १९२६ मध्ये अलेक्सेई आब्रिकोसॉव्ह या रशियन पॅथॉलॉजिस्टने हिचं वर्णन केलं. हे तेच गृहस्थ, ज्यांनी त्याआधी दोन वर्षं लेनिनचं शवविच्छेदन केलं होतं. त्यांना वाटलं होतं गाठ स्नायूच्या पेशींची आहे, आणि ती समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. आज आपण जाणतो की ती मज्जातंतूभोवतीच्या 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींपासून येते. एस-१०० नावाच्या प्रथिनासाठी खास रंग दिला की ती गडद तपकिरी होते. आम्ही मेणाचा ठोकळा त्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, आणि तो तपकिरीच होऊन आला.

ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. वाईट वळण घेणाऱ्या शंभरात एखाद-दोन. पण ती तिच्यावरच्या अस्तराला अशी काही चेतवते की अस्तर जाड होऊन खाली जिभा सोडतं आणि हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतं. वरवरचा तुकडा घेतला तर सोंग तेवढं हाती लागतं. मागच्या शतकातल्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत, ज्यांना न झालेल्या कर्करोगाचे उपचार मिळाले. त्या नोंदी वाचताना मला त्या माणसांच्या आवाजाची आठवण येते, मी तो कधी ऐकलेला नसला तरी.

बाईंची गाठ लेसरने पूर्ण काढली. काही दिवस पूर्ण मौन, मग हळूहळू बोलण्याचे व्यायाम. त्या आता पुन्हा वर्गात आहेत. प्रार्थना म्हणताना वरच्या पट्टीत आवाज थोडा फाटतो, असं त्या सांगतात. तेवढं चालतं म्हणतात.

दुसरी बाजू याच्या नेमकी उलट. गाठ वाईट आणि तुकडा मात्र साळसूद. तिची सगळ्यात ठळक हकिगत मिरजेपासून फार दूरची आहे, आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचते.

१८८७ चा जानेवारी. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, वय ५५, आवाज घोगरा झाला. वडील, पहिला विल्हेल्म, नव्वदीच्या उंबरठ्यावर. राज्य आज ना उद्या हातात येणार. पत्नी व्हिक्टोरिया ही इंग्लंडच्या राणीची थोरली मुलगी. मार्चमध्ये बर्लिनचे प्राध्यापक गेरहार्ट यांनी आरशाने पाहिलं तर डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ. त्यांनी ती तारेच्या फासाने काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग विजेने तापवलेल्या तारेने जाळली. गाठ पुन्हा आली. मे महिन्यात सर्जन बर्गमान यांना खात्री वाटू लागली की हा कर्करोग आहे आणि गळा बाहेरून उघडून ती काढली पाहिजे. त्या काळात अशा शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका मोठा होता. शेवटी लंडनहून मोरेल मॅकेन्झी यांना बोलावलं. घशाच्या रोगांत त्यांचं नाव तेव्हा युरोपभर होतं. ते म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाल्याशिवाय शस्त्रक्रिया नको. त्यांनी चिमट्याने तुकडा काढला आणि तो रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे गेला.

फिर्खो म्हणजे आमच्या शास्त्राचे पितामह. पेशी हीच रोगाची जागा, हे ज्यांनी जगाला शिकवलं ते. मे आणि जूनमध्ये त्यांनी एकापेक्षा जास्त तुकडे पाहिले. त्यांना अस्तर जाड झालेलं दिसलं, कर्करोग दिसला नाही. त्यांनी तसं लिहिलं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, जी मला फार महत्त्वाची वाटते. या तुकड्यांवरून संपूर्ण आजाराविषयी खात्रीने सांगता येणार नाही, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. तो भाग कुणाच्या कानावर राहिला नाही. कर्करोग नाही, एवढंच सगळ्यांनी ऐकलं, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. शस्त्रक्रिया रद्द झाली. जूनमध्ये युवराज सासूबाईंच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडनला जाऊन आला.

नोव्हेंबरात इटलीतल्या सान रेमोला गाठ वाढलेली दिसली आणि निदान सगळ्यांनी मान्य केलं. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडला म्हणून गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागली. ९ मार्चला वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाला. बोलता येत नव्हतं; कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून तो राज्य चालवत होता. ९९ दिवसांनी, १५ जूनला तो गेला. शवविच्छेदनात स्वरयंत्र कर्करोगाने पोखरलेलं निघालं.

त्यानंतर जर्मन डॉक्टरांनी मॅकेन्झींवर आणि मॅकेन्झींनी जर्मन डॉक्टरांवर छापील आरोप केले. इतिहासकार आजही वाद घालतात की हा उदार मनाचा सम्राट जगला असता तर पुढचं युरोप वेगळं झालं असतं का. मला त्या वादात शिरायचं नाही. मला त्या तुकड्यात शिरायचं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन ॲकरमन यांनी एका वेगळ्याच कर्करोगाचं वर्णन केलं, तोंडातल्या अस्तराचा, व्हेरुकस कार्सिनोमा. तो स्वरयंत्रातही होतो. वरून चामखिळीचे कोंब, केराटिनचे जाड थर. पेशी मात्र इतक्या सभ्य की एकेक पाहिली तर निरोगीच वाटावी. ओळख फक्त तळाशी पटते, जिथे तो रुंद, बोथट टोकांनी खालच्या थराला दाबत पुढे सरकतो. वरवरचा तुकडा पाहून कुणीही पॅथॉलॉजिस्ट जाड झालेलं अस्तर एवढंच लिहील. पुढे फिर्खोंचे जुने अहवाल बारकाईने वाचणाऱ्या काही डॉक्टरांनी मत मांडलं की सम्राटाला याच जातीचा, आणि काही भागात नेहमीच्या स्क्वॅमस कर्करोगात मिसळलेला, कर्करोग असावा. मला हे मत पटतं. मग फिर्खो चुकले असं म्हणता येत नाही. त्यांना जेवढं दिलं गेलं तेवढं त्यांनी बरोबर वाचलं.

आमच्या भागात गुळाच्या सौद्यात ढेप वरून कितीही पिवळीधमक दिसली तरी जाणता व्यापारी आतला गूळ पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. व्हेरुकस कार्सिनोमाचा तुकडा घेताना सर्जनने तसंच तळापर्यंत जावं लागतं. आणि रिपोर्ट 'साधी' आला पण दुर्बिणीतून गाठ वाईट दिसत असेल तर तो रिपोर्ट शेवटचा मानायचा नसतो. शुद्ध व्हेरुकस कार्सिनोमा गळ्यातल्या लिम्फ ग्रंथींत सहसा पसरत नाही, शस्त्रक्रियेने किंवा लेसरने पूर्ण निघाला की माणूस बरा होतो. म्हणून तर तो वेळेवर ओळखण्याची एवढी तळमळ.

तिसरी एक जात आहे, जिथे तुकडाच मिळत नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, सत्तरीकडे झुकलेले. पायऱ्या चढताना धाप लागायची. दम्याचा पंप सुरू होता, फरक नव्हता. त्यांच्या सुनेने एक गोष्ट टिपली होती, आणि ती डॉक्टरांना सांगितल्याबद्दल मी तिचं मनापासून कौतुक करते. "बाबांना आवाज येतो तो श्वास आत घेताना." दम्यात शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. आत घेताना घरघर आली तर अडथळा वर, गळ्यात आहे का हे पाहावं लागतं. दुर्बिणीने पाहिलं तर स्वरतंतूंच्या खाली मागच्या बाजूने फुगवटा, वरचं अस्तर मात्र अखंड, गुलाबी, निरोगी.

अस्तर अखंड असलेला फुगवटा दिसला की लगेच चिमटा लावायचा नसतो. आधी सीटी स्कॅन. कधी आत पॅरागँग्लिओमा असतो, रक्तवाहिन्यांनी ठासून भरलेला, आणि न बघता तुकडा घेतला तर रक्त थांबवताना सगळ्यांची त्रेधा उडते. कंडक्टर काकांच्या सीटीत क्रिकॉइड या स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या अंगठीसारख्या कूर्चेच्या मागच्या पट्टीतून निघालेली गाठ होती आणि तिच्यात कॅल्शियमचे खडबडीत ठिपके. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग. स्वरयंत्राच्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक, आणि त्यातले बहुतेक याच क्रिकॉइडमधून येतात. ऑपरेशनच्या टेबलावर चिमटा त्या टणक गाठीवरून घसरत होता, सर्जनना अस्तराला छेद देऊन आत जावं लागलं.

माझ्याकडे आलेला तुकडा निळसर काचेचा वाटावा असा होता. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट जांभळ्या पार्श्वभूमीवर छोट्या पोकळ्या, एकेका पोकळीत एक किंवा दोन पेशी. साधी कूर्चा, साधी कूर्चागाठ आणि सौम्य श्रेणीचा कॉन्ड्रोसार्कोमा या तिघांतला फरक पेशींच्या दाटीत आणि केंद्रकांच्या आकारात असतो, आणि तो फरक कधीकधी इतका बारीक असतो की सीटीची फिल्म शेजारी लावल्याशिवाय मी सही करत नाही. काकांची गाठ पहिल्या, म्हणजे सगळ्यात सौम्य श्रेणीची निघाली. हे ऐकून घरच्यांना काय वाटलं असेल ते मला समजतं, कारण 'सार्कोमा' हा शब्द ऐकला की पुढचं ऐकूच येत नाही. म्हणून मी त्यांना थांबवून सांगितलं. ही गाठ वर्षानुवर्षं संथ वाढते. लांब पसरणं दुर्मीळ. किरणोत्साराला ती फारशी जुमानत नाही म्हणून इलाज शस्त्रक्रियाच, पण पहिल्याच फटक्यात सगळं स्वरयंत्र काढायची घाई आता कुणी जाणता सर्जन करत नाही. जेवढी गाठ काढून श्वास मोकळा होईल आणि क्रिकॉइडचा कणा टिकेल तेवढी काढायची आणि लक्ष ठेवायचं. क्रिकॉइड हेच श्वासमार्गातलं एकमेव पूर्ण वर्तुळ आहे, ते कोसळलं तर गळ्यातली नळी कायमची होते. काकांचा आवाज आता खर्जातला आहे, पण बस थांबवायला पुरेल एवढा आहे, असं सूनबाई हसत सांगते. ही गाठ दहा वर्षांनीही परतू शकते, म्हणून त्यांचं दरवर्षीचं तपासणीचं बोलावणं चुकत नाही.

न्यूरोएंडोक्राइन गाठी (हार्मोन बनवू शकणाऱ्या पेशींच्या) आणि ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (स्राव करणाऱ्या ग्रंथींचा कर्करोग) यांच्याबद्दल एवढंच सांगते की त्यांच्यात पूर्ण रंगतपासण्या झाल्याशिवाय उपचार ठरवू नयेत. न्यूरोएंडोक्राइनच्या एका प्रकारात थायरॉइडच्या कर्करोगात सापडणारं कॅल्सिटोनिनही रंग घेतं आणि गाठ मूळची कुठली, यावरच गोंधळ होतो. ॲडेनॉइड सिस्टिक मज्जातंतूच्या कडेकडेने सरकतो आणि कित्येक वर्षांनी फुफ्फुसात दिसतो. या दोन्हींचे रुग्ण अनुभवी केंद्रातच जावेत. मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे, तिथे जायला लोक अजूनही घाबरतात. तिथे गेलं म्हणजे संपलं, असं अजून म्हटलं जातं. मला हे ऐकवत नाही.

लहान मुलांचं मात्र थोडक्यात उरकता येत नाही. दोन-तीन वर्षांचं लेकरू रडतं आणि आवाज फुटत नाही. आई सांगते, "जन्मल्यावर चांगलं रडायचं, आता नुसती हवा येते." बाळदमा, सर्दी, कफ असं म्हणत महिने जातात. मग एखाद्या रात्री श्वास अडकतो आणि दुर्बिणीत दिसतं की स्वरतंतूंवर चामखिळीच्या गुच्छांनी वाट बुजवलीय. पॅपिलोमा. एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार याला कारण असतात आणि बहुधा जन्माच्या वेळी ते आईकडून बाळाकडे जातात. आईला कित्येकदा काहीच माहीत नसतं, तिचा यात काहीही दोष नसतो, आणि हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. मी सांगते.

गाठ साधी आहे, हे या आजारातलं फसवं सुख. ती पुन्हा पुन्हा उगवते. सर्जन लेसरने किंवा फिरत्या पात्याच्या छोट्या यंत्राने काढतो, मूल मोकळा श्वास घेतं, काही महिन्यांनी परत तेच. काही मुलांना मोठं होईपर्यंत कितीतरी भुली घ्याव्या लागतात. चांगला सर्जन दोन्ही तंतू जिथे पुढे मिळतात तिथली गाठ दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पूर्ण खरवडत नाही, थोडी मुद्दाम राखतो. दोन्हीकडे जखम झाली तर भरताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि आवाज कायमचा जातो. दर खेपेचा तुकडा माझ्याकडे येतो, कारण क्वचित त्यातून कर्करोग होऊ शकतो. तेच नाव, वाढत गेलेलं वय. बोटांसारखे कोंब, प्रत्येकाच्या मध्ये रक्तवाहिनीची दोरी. त्या बाटलीवर मी वय आधी वाचते.

म्हणूनच पुण्यात तयार झालेल्या लसीबद्दल मला एवढ्या मोठ्याने बोलावंसं वाटतं. सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस म्हणून लोक तिला ओळखतात आणि ते खरंच आहे, पण ती चार प्रकारांविरुद्ध आहे: ६, ११, १६ आणि १८. यातले पहिले दोन म्हणजे नेमके या मुलांचा आवाज बुजवणारे. आज नऊ वर्षांच्या मुलीला दिलेली लस उद्या तिच्या बाळाच्या गळ्याचंही रक्षण करू शकते. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना अशीच चार प्रकारांची लस राष्ट्रीय पातळीवर द्यायला सुरुवात केली आणि नंतरच्या वर्षांत तिथे मुलांमधला पॅपिलोमा झपाट्याने घटत गेला. लस मुलग्यांनाही देता येते. आमच्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आयांना हे सांगते तेव्हा त्या चकित होतात, कारण घशाचा आणि या लसीचा काही संबंध असेल असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांना आजार झालाय त्यांच्यासाठीही वाट उघडतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रौढांमधल्या या आजारावर पहिल्यांदाच एका औषधाला मान्यता दिली, जे शरीराच्या प्रतिकारशक्तीला या विषाणूवर सोडतं.

आणि ज्यांचं स्वरयंत्र काढावंच लागतं ते? व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी १८७३ च्या शेवटच्या दिवशी पहिल्यांदा कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. आज श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटी झडप बसवतात. गळ्याच्या छिद्रावर बोट ठेवून श्वास सोडला की हवा त्या झडपेतून घशात जाते आणि माणूस बोलतो. परदेशी झडप महाग आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी एका उद्योजक मित्राच्या साथीने ऑम नावाची झडप तयार केली, किंमत एका डॉलरच्या आसपास. पैसे नाहीत म्हणून मुकं राहणारी माणसं त्यांनी पाहिली होती. या कामाबद्दल वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना थांबवून ते वाचून दाखवलं होतं.

एखाद्याचा आवाज तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बसलेला राहिला तर त्याने घसा दुर्बिणीने पाहून घ्यावा, तंबाखू असो वा नसो. हे डॉक्टर सांगतातच. त्यापुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितेय. तुकड्याचा रिपोर्ट दुर्मीळ गाठीचा आला, किंवा रिपोर्ट आणि दुर्बिणीतलं चित्र जुळत नसेल, तर दुसरं मत मागा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मी स्वतः माझ्या स्लाईड्स बाहेर पाठवते. त्यासाठी तुमच्या आईचा, नवऱ्याचा तुकडा पुन्हा काढावा लागेलच असं नाही. मेणाचा ठोकळा आणि स्लाईड्स प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. अर्ज करून सही केली की त्या मिळतात.

नेताना स्लाईड्स कडक डब्यात ठेवा, नुसत्या पाकिटात घातल्या तर एसटीच्या गर्दीत फुटतात. ठोकळा उन्हात खिडकीशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्यात मेण मऊ पडतं. सोबत सीटीची सीडी घ्या, आणि सर्जनना त्यांच्या हाताने लिहायला लावा की गाठ कुठे आहे, गुळगुळीत आहे की खरबरीत, तंतू हलतो का, आणि तुकडा किती खोलातून घेतलाय. पलीकडे जो कुणी सूक्ष्मदर्शकाशी बसलेला असेल त्याला ठोकळ्याइतकीच ती चिठ्ठी लागते. चिठ्ठी घरी राहिली असेल तर निघण्याआधी प्रयोगशाळेत फोन करा, आम्ही सर्जनना गाठून ती पाठवायची व्यवस्था करतो.